सकाळी आठची गोळी

माझ्यासमोर एक दोनशे पानी वही आहे. आत माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, अक्षर आहे. ताई चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत होती, त्यामुळे अक्षर वळणदार आणि रकाने पट्टीने आखलेले. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात गोळी किती मिलिग्रॅमची, तिसऱ्यात घेतल्याची वेळ आणि चौथ्यात ‘कसे वाटले’. वही मार्च २०१९मध्ये सुरू होते आणि डिसेंबर २०२१मध्ये संपते. चौथ्या रकान्यात दर दिवशी काहीतरी वेगळे लिहिलेले आहे. तिसऱ्यात मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नोंद : ‘स. ८’.

माझा एरवीचा विषय आमच्या भागातले जुने कागदपत्र. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून मोडी शिकलो, देशमुख-कुलकर्ण्यांची दप्तरे वाचली. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. पण कागद वाचायची सवय लागलेल्या माणसाला एकच नोंद पावणेतीन वर्षे जशीच्या तशी दिसली की प्रश्न पडतो : ही वेळ कोणी ठरवली, आणि कशावरून? त्या प्रश्नामागे गेलो, मिळतील ते जुने शोधनिबंध शब्दकोश हाताशी घेऊन वाचले, समजले नाही तिथे ओळखीच्या डॉक्टरांना गाठले. त्यातून हा लेख झाला.

त्याआधी वही का सुरू झाली, ते सांगायला हवे. ताईला २०१२पासून आमवात, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सात वर्षे ती रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत होती, रात्री जेवणानंतर. रात्री घेतली की सकाळी बोटे मिटतात, पोळ्या लाटता येतात, हा तिचा अनुभव. फेब्रुवारी २०१९मध्ये आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न होते. गोळीने चेहरा गोल होतो, फोटोत बरे दिसत नाही, म्हणून ताईने आठवडाभर आधी कोणालाही न सांगता गोळी सोडली. ही गोळी एकदम सोडायची नसते, हे सात वर्षांत तिला कोणी बजावून सांगितले नव्हते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. वऱ्हाडाचे जेवण बाधले, असे सगळ्यांनी धरले. संध्याकाळपर्यंत ती बोलेनाशी झाली. नाडी लागेना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावता लावता विचारले, “या रोज कसली गोळी घेत होत्या का?” आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी ताईच्या पर्समध्ये जुनी चिठ्ठी सापडली. ती पाहून बाईंनी लगेच हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन शिरेतून दिले. रात्री दहाला ताईने डोळे उघडून चहा मागितला.

घरी सोडताना नवी चिठ्ठी मिळाली. रोज सकाळी ८ वाजता, नाश्त्यानंतर. आणि डोस कधी किती कमी करायचा याचा तक्ता. ताईने विचारले, “बाई, रात्री नाही का चालणार? रात्रीची मला मानवते.” बाई म्हणाल्या, “नाही मावशी, सकाळीच. तसाच नियम आहे.” बाहेर रांग लागली होती, त्यांना जास्त बोलायला वेळ नव्हता.

टोपीएवढी ग्रंथी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. मराठीत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. त्यांचे काम काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अकरा रुग्णांची हकिकत होती. कमालीचा अशक्तपणा, क्षीण नाडी, अन्नावरची वासना जाणे, त्वचा काळवंडणे आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात या ग्रंथी बिघडलेल्या सापडल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या, प्राणी मेले. एवढ्याशा ग्रंथीवाचून जगता येत नाही, हे तिथे पक्के झाले.

ग्रंथीतून नेमके काय स्रवते, हे शोधायला आणखी ऐंशी वर्षे गेली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाच्या गावी मेयो क्लिनिक आहे. तिथले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडाल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउस राइखस्टाइन हे १९३०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुरांच्या ग्रंथींचे ढीग आटवून त्यातून एकेक द्रव्य वेगळे काढत होते. केंडाल यांनी द्रव्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे दिली. त्यातले ‘ई’ पुढे कॉर्टिसोन म्हणून प्रसिद्ध झाले. ‘एफ’ म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन. आपले शरीर स्वतः बनवते ते हेच, त्यालाच कॉर्टिसॉल म्हणतात.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९मध्ये एका रुग्णाने त्यांना सांगितले, कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणातही आमवात ओसरतो, हे त्यांनी पुढे पाहिले. आजार पाठ सोडू शकतो, म्हणजे त्याला उतार पाडणारे काहीतरी शरीरातच आहे, असा तर्क त्यांनी बांधला आणि वीस वर्षे तो सोडला नाही. हे काहीतरी केंडाल यांचे ‘ई’ असेल काय, हे पाहण्यासाठी पुरेसे ‘ई’ मात्र नव्हते. मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट यांनी डिसेंबर १९४४मध्ये बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून ते तयार केले, तेही तिसाहून अधिक पायऱ्यांनी.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. वैद्यकाच्या इतिहासात ती ‘मिसेस जी’ या नावाने ओळखली जाते. कित्येक वर्षांच्या आमवाताने ती जवळजवळ अंथरुणाला खिळली होती. रोज १०० मिलिग्रॅम सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आखडलेपण गेले आणि आठवड्याच्या आत ती गावात चालत जाऊन तीन तास खरेदी करून आली. एप्रिल १९४९मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि १९५०चे नोबेल पारितोषिक केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना विभागून मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत डोस किती, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. कोणत्या वेळी द्यायचा आणि बंद कसा करायचा, हे प्रश्न मागे राहिले.

उंदरांनी सांगितलेले

जुन्या कागदांत वेळोवेळी असे घडलेले दिसते, की इशारा त्याच दप्तरात पडलेला असतो आणि कोणी तो उलगडून पाहत नाही. इथेही तसेच झाले. १९३७मध्ये, म्हणजे मिसेस जींच्या इंजेक्शनच्या अकरा वर्षे आधी, खुद्द केंडाल यांच्याच सोबतीने काम करणाऱ्या ड्वाइट इंगल यांनी उंदरांना या ग्रंथीचा अर्क भरपूर प्रमाणात देऊन पाहिला होता. उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी सुकून गेल्या.

कारण असे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ती एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते अधिवृक्क ग्रंथीला मिळालेला हुकूम असतो. हुकूम मिळाला की ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले, की पीयूषिका हुकूम थांबवते. बाहेरून गोळी घेतली तरी पीयूषिकेला फरक कळत नाही. ती म्हणते, माल आहे, हुकूम कशाला? महिनोन्‌महिने हुकूमच आला नाही, की ग्रंथी सुकते. बंद पडलेल्या गिरणीत नंतर एकदम दळण आणून ओतले, तर पीठ पडत नाही, तशातली गत.

माणसांत याची किंमत १९५२मध्ये कळली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्या वर्षी एका ३४ वर्षांच्या आमवाताच्या रुग्णाची हकिकत छापून आली. तो काही महिने कॉर्टिसोन घेत होता. खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही तासांतच, कशानेही वर न येणाऱ्या रक्तदाबाने तो गेला. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या सापडल्या. शस्त्रक्रिया, ताप, अपघात, उलट्या-जुलाब अशा प्रसंगी निरोगी शरीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल ओतते. या माणसाकडे ओतायला काहीच नव्हते. हे वाचताना मला ताईचा लग्नानंतरचा दिवस आठवला. पासष्ट-सहासष्ट वर्षे आधी छापलेली गोष्ट आमच्या घरात नव्याने घडली होती.

धडा मात्र लवकर घेतला गेला. ऑक्टोबर १९५४मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका ३७ वर्षांच्या पुरुषाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याला ॲडिसनचा आजार होता. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना आणि नंतर त्याला हिशेबाने संप्रेरके दिली गेली. जंतुसंसर्ग झाला, तरी तो वाचला. पुढच्या वर्षी ही हकिकत नाव न देता प्रसिद्ध झाली. तो रुग्ण म्हणजे सिनेटर जॉन केनेडी, हे पुढे उघड झाले.

पहाटेचा हुकूम

आता वेळेकडे येऊ. १९४३मध्ये ग्रेगरी पिंकस यांनी (हेच पुढे गर्भनिरोधक गोळीमुळे जगप्रसिद्ध झाले) तरुण पुरुषांच्या लघवीतली स्टेरॉइडची उत्सर्जिते मोजली. रात्री ती कमी आणि सकाळी जास्त भरत. १९५०च्या दशकात रक्तातले कॉर्टिसॉल मोजता येऊ लागले आणि चित्र स्पष्ट झाले. क्लोद मिजों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६मध्ये दिवसभराचा आलेख मांडला. मध्यरात्रीच्या सुमारास पातळी तळाला असते, उत्तररात्री चढू लागते, उठण्याच्या वेळी शिगेला पोचते आणि दिवसभर उतरत जाते. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५९मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : झोपायची वेळ उलटी केली, की काही दिवसांत हा आलेखही उलटतो. म्हणजे घड्याळातल्या आठाला स्वतःचे काही महत्त्व नाही. झोप-जागेच्या लयीला आहे. ‘सर्केडियन’ म्हणजे सुमारे एका दिवसाची, हा शब्द मिनेसोटातल्या फ्रान्झ हालबर्ग यांनी त्याच वर्षी रूढ केला.

१९७१मध्ये एलियट वाइट्समन यांनी चोवीस तास दर वीस मिनिटांनी रक्त तपासले. कॉर्टिसॉल सलग धारेने येत नाही, झटक्याझटक्याने येते आणि झोपेच्या शेवटच्या काही तासांत हे झटके दाट होतात, असे त्यात आढळले. आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बाया ज्या वेळी उठत, त्या सुमाराला शरीराचे दळणही सुरू झालेले असते.

या माहितीचा गोळीशी काय संबंध, याचा निर्णायक प्रयोग १९६५मध्ये युटातच झाला. निकल्स, न्यूजेंट आणि टायलर यांनी निरोगी माणसांना अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे जोमदार स्टेरॉइड दिले : कधी सकाळी आठला, कधी दुपारी चारला, कधी मध्यरात्री. तेच औषध, तेवढाच डोस. सकाळी किंवा दुपारी दिले तर शरीराचे कॉर्टिसॉल काही काळ दबले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचा चढाव पुन्हा आला. मध्यरात्री दिले तर पहाटेचा चढाव आलाच नाही. जवळजवळ चोवीस तास ग्रंथी गप्प राहिली.

माझ्या मते ताईच्या वहीतल्या ‘स. ८’चा उगम इथे आहे. सकाळी आठपर्यंत पीयूषिकेचा दिवसातला मोठा हुकूम सुटून गेलेला असतो आणि शरीरात कॉर्टिसॉल नैसर्गिकपणेच भरपूर असते. त्या भरतीत गोळी मिसळून जाते. प्रेडनिसोलोन रक्तातून काही तासांत उतरते. त्याचा परिणाम पेशींमध्ये बारा ते छत्तीस तास रेंगाळतो, पण रात्र होईतो जोर ओसरलेला असतो. पहाटे तीनला पीयूषिका डोकावून पाहते तेव्हा तिला माल कमी दिसतो आणि ती हुकूम सोडते. रात्री नऊला घेतलेली गोळी मात्र नेमकी त्या वेळी दारात उभी असते. ताई सात वर्षे रोज रात्री तिला दारात उभी करत होती.

उतरणीच्या पायऱ्या

वेळ कळली तरी उतरायचे किती हळू, हे ठरायचे होते. त्याचे उत्तरही १९६५मध्येच मिळाले. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ग्रँट लिडल यांच्या गटाने, दीर्घकाळ दबून राहिलेल्या ग्रंथी औषध काढून घेतल्यावर कशा जाग्या होतात, ते महिनोन्‌महिने मोजले. पहिल्या महिन्यात वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघेही झोपलेले : एसीटीएचही कमी आणि कॉर्टिसॉलही कमी. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात पीयूषिका आधी जागी होते. तिचे हुकूम नेहमीपेक्षाही जोराने सुटतात, पण सुकलेली ग्रंथी ते पाळू शकत नाही. सहाव्या ते नवव्या महिन्यात ग्रंथी नेहमीचे काम करू लागते, तरी मोठ्या संकटाला पुरी पडत नाही. पूर्ण ताकद यायला नऊ महिन्यांहून अधिक लागतात. प्रत्येकाला इतका वेळ लागतोच असे नाही. डोस, मुदत आणि प्रकृती यांवर ते ठरते. पण या निबंधानंतर ‘आठवड्याभरात बंद’ या म्हणण्याला आधार उरला नाही.

यातून उतरणीचा एक हिशेब निघतो. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ढोबळमानाने २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. शरीराच्या रोजच्या गरजेच्या आसपासची ही मात्रा. त्याच्या वरचा डोस आजार दाबण्यासाठी असतो. आजार आटोक्यात असेल तर तो तुलनेने भरभर उतरवता येतो. पाचच्या खाली गेले की शरीराला रोज थोडी तूट पडते आणि ती तूटच ग्रंथीला उठवते. गड उतरताना वरच्या रुंद पायऱ्या झपाझप उतरता येतात, शेवटच्या झिजलेल्या पायऱ्यांवर एकेक पाऊल रोवावे लागते, तसे हे आहे.

बॉस्टनमध्ये हार्टर, रेड्डी आणि थॉर्न यांनी १९६३मध्ये वेगळी युक्ती मांडली : दोन दिवसांचा डोस एकाच सकाळी द्यायचा आणि दुसरा दिवस मोकळा सोडायचा, म्हणजे ग्रंथीला दर दोन दिवसांत एक पहाट स्वतःची मिळते. लहान मुलांच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये ही एक दिवसाआडची पद्धत आजही आपल्याकडे वापरतात. आमवाताच्या रुग्णांना मात्र ती सोसत नाही. मोकळ्या दिवशी सांधे धरतात.

आणखी एक गुंता १९६०मध्ये ॲमट्रुडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. काही रुग्णांना डोस कमी करताना अंगदुखी, मळमळ, थकवा, उदासी येते आणि तपासले तर ग्रंथी ठीक चाललेली असते. म्हणजे दुखण्याला तीन कारणे असू शकतात : मूळ आजार उसळला, ग्रंथी कमी पडते आहे, किंवा वर्षानुवर्षांच्या जास्त डोसला सवकलेले शरीर कुरकुरते आहे. तिन्हींची लक्षणे पुष्कळशी सारखी. ताईच्या चौथ्या रकान्यात जानेवारी २०२०मध्ये ओळीने नऊ दिवस ‘अंग मोडून आले’ असे आहे. यातले कोणते कारण, हे वहीवरून सांगता येत नाही. त्यासाठी सकाळी आठच्या रक्तातले कॉर्टिसॉल मोजावे लागते. रक्त सकाळीच का, हे आता वाचकांना सांगायला नको. एंडोक्राइन सोसायटी आणि तिच्या युरोपीय भगिनीसंस्थेने २०२४मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत या तपासणीचे ढोबळ आकडे दिले आहेत : डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असे धरून गोळी थांबवता येते, ५ ते १० असेल तर गरजेपुरता डोस ठेवून वाट पाहायची, ५च्या खाली असेल तर तो चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे. तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी घेतलेल्या औषधाला सहसा ही उतरण लागत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

ताईचे म्हणणे

इथवर वाचून वाटेल, की ताई चुकत होती आणि नियम बरोबर होता. मलाही तसे वाटले होते. पुढच्या वाचनात कळले, की तिच्या म्हणण्यातही तथ्य होते.

आमवातात सांधे सकाळीच का आखडतात? दाह वाढवणारी द्रव्ये, त्यातले इंटरल्यूकिन-६ विशेष, उत्तररात्री रक्तात वाढतात. त्यांना आवर घालणारे कॉर्टिसॉल या आजारात गरजेच्या मानाने तोकडे पडते. सकाळी आठला घेतलेली गोळी आग लागून गेल्यावर येणाऱ्या बंबासारखी. ती रात्री घेतली तर आगीच्या वेळी हजर असते. ताईने हे कुठे वाचले नव्हते. पोळपाटापुढे बसून तिला ते कळले होते.

या पेचावर बर्लिनच्या फ्रांक बुटगेराइट आणि सहकाऱ्यांनी एक तोडगा तपासला. रात्री दहाला घ्यायची, पण चार तासांनी, म्हणजे पहाटे दोनला, पोटात फुटणारी प्रेडनिसोनची गोळी. २८८ रुग्णांवरचा बारा आठवड्यांचा हा अभ्यास २००८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेवढ्याच डोसच्या सकाळच्या गोळीपेक्षा या गोळीने सकाळचे आखडलेपण अधिक कमी झाले. आजार दाबायचा असेल, तर पहाटेची वेळ सरस ठरू शकते, असा त्याचा अर्थ. पण ताईसारख्या, गोळी सोडवत निघालेल्या माणसाचे ध्येय निराळे. तिथे ग्रंथीला पहाट मोकळी द्यायची असते आणि त्या बदल्यात काही महिने सकाळचे दुखणे सोसायचे असते. हा सौदा आहे. तो काय आहे हे ज्याला सोसायचे त्याला आधी कळले पाहिजे, असे मला वाटते.

चिठ्ठीवरचे दोन शब्द

हे सगळे अमेरिका-युरोपातले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे स्टेरॉइडची गोळी चिठ्ठीशिवाय मिळणे अवघड नाही. दमा, सांधेदुखी, त्वचेचे विकार यांवरच्या निनावी पुड्यांमध्ये ती मिसळलेली सापडते. वजन वाढवायच्या गोळ्या म्हणून पोरीबाळींना ती दिली जाते. पुडी घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेतो आहोत हेच माहीत नसते, मग सावकाश सोडणे कुठले? आणि बेशुद्ध होऊन दवाखान्यात आला, तर “कसली गोळी घेत होता?” या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णांत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी मोबाइलवरून फिरलेल्या चिठ्ठ्यांत ‘ऑक्सिजन लागणाऱ्या’ हे शब्द अनेकदा गळले. त्या मे महिन्यात काळ्या बुरशीने किती डोळे, किती जबडे नेले, ते आपण पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक, ही त्यामागची मोठी कारणे. औषध जीव वाचवणारेच होते. किती, कोणाला, किती दिवस, हा मजकूर वाटेत हरवला.

ताईचा तक्ता मी या लेखासाठी पुन्हा उतरवून घेतला. दहावरून पाचवर यायला तिला सहा महिने लागले, दर वेळी अडीचच्या गोळीचा अर्धा भाग कमी करत. पाचच्या खाली प्रत्येक पायरीला पाच-सहा महिने. सुरुवातीला एक दिवस जुना डोस, एक दिवस नवा. दरम्यान आमवातासाठी दुसरे औषध चालू होते. एप्रिल २०२१मध्ये ताप आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे चार दिवस डोस दुप्पट. तिथे ताईने लाल शाईने चौकट केली आहे. हा तक्ता तिच्यापुरता आहे. कोणी तो पाहून आपली गोळी कमी करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

फक्त विचारताना ‘का’ असेही विचारावे. ‘सकाळीच’ आणि ‘हळूहळू’ हे चिठ्ठीवरचे दोन शब्द. त्यांच्यामागे इंगल यांचे उंदीर आहेत, १९५२चा तो ३४ वर्षांचा माणूस आहे, वीस-वीस मिनिटांनी रक्त देत रात्र काढणारी माणसे आहेत. ती तरुण डॉक्टरीण हे सगळे जाणत असणार. रांगेमुळे तिला ‘नियम आहे’ एवढेच म्हणता आले. ते म्हणायला दोन मिनिटे जास्त मिळाली असती, किंवा पहिल्या चिठ्ठीच्या वेळी, २०१२मध्ये, कोणी ती काढली असती, तर फेब्रुवारीतली ती संध्याकाळ टळली असती.

हा लेख लिहून झाल्यावर ताईला वाचून दाखवला. पहाटेच्या हुकमाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, “एवढंच होतं होय! हे मला त्याच वेळी सांगितलं असतं, तर मी चौथीच्या पोरांनासुद्धा शिकवलं असतं.”

वहीच्या शेवटच्या पानावर डिसेंबर २०२१ची नोंद आहे. दुसऱ्या रकान्यात शून्य. तिसऱ्यात सवयीने ‘स. ८’ लिहून खोडलेले. चौथ्यात : ‘बोटे थोडी धरतात. चहा केला.’